रिकाम्या टाक्यांचा डिसेंबर

डिसेंबर १९६९. रॉटरडॅमला तेल उतरवून 'मार्पेसा' हा डच निशाणाचा टँकर परत इराणच्या आखाताकडे निघाला होता. जहाज नवेकोरे होते आणि ही त्याची पहिलीच सफर होती. दोन लाख टनांहून अधिक तेल पोटात घेऊ शकणाऱ्या जगातल्या मोजक्या जहाजांमध्ये त्याची गणना होत होती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने, डकारच्या बाजूने ते दक्षिणेकडे चालले होते. टाक्यांत तेल नव्हते आणि त्या धुण्याचे काम सुरू होते. त्याच वेळी एका टाकीत स्फोट झाला, आग लागली आणि काही दिवसांत ते प्रचंड जहाज अटलांटिकच्या तळाशी गेले. तोवर बुडालेल्या जहाजांत एवढे मोठे जहाज एकही नव्हते.

महिना संपण्याआधी आणखी दोन स्फोट झाले. २९ डिसेंबरला 'मॅक्ट्रा' हा ब्रिटिश टँकर मोझांबिकच्या सामुद्रधुनीत असताना त्याच्या टाकीचा भडका उडाला आणि पोलादी डेकचा मोठा भाग फाटून वर वळला. त्याच सुमारास 'काँग हाकोन सातवा' या नॉर्वेच्या टँकरवर पश्चिम आफ्रिकेजवळ तसाच स्फोट झाला. मॅक्ट्रा कशीबशी डर्बनला पोहोचली, नॉर्वेचे जहाजही तरले. पहिल्या दोन जहाजांवर माणसे मात्र प्राणाला मुकली.

तिन्ही जहाजे नवी होती आणि तिघांचीही क्षमता दोन लाख टनांच्या वर होती. तिन्ही रिकामी होती आणि तिन्हींवर टाक्या धुतल्या जात होत्या. निशाणे वेगळी, बांधणीचे कारखाने वेगळे. एवढे साम्य योगायोगाने जुळत नाही, हे जहाजधंद्यातल्या प्रत्येकाला लगेच कळले. कारण मात्र कुणाला सांगता येईना. त्या घडीला जगभरच्या गोद्यांमध्ये अशी डझनावारी जहाजे बांधली जात होती आणि समुद्रावर फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या टँकरच्या इंजिनिअरला एकच प्रश्न पडला होता: पुढची टाकी आपली तर नाही?

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, हे तेलाच्या जहाजावर काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीत तेलावर हवाच नसते आणि हवेशिवाय काही पेटत नाही. तेल उपसले की त्याच्या जागी बाहेरची हवा आत शिरते. भिंतींना चिकटलेल्या आणि तळाशी साचलेल्या तेलाची वाफ तिच्यात मिसळत राहते. या मिश्रणात वाफेचे प्रमाण साधारण एक ते दहा टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. प्रमाण त्याहून कमी असेल तर पेटण्याइतके इंधन नसते, जास्त असेल तर हवा अपुरी पडते. टाकी धुताना, हवा खेळवताना, समुद्राचे पाणी भरताना हे प्रमाण सतत बदलत असते आणि कधी ना कधी त्या घातक पट्ट्यातून जातेच. म्हणून टँकरवर काडेपेटीला, लायटरला, खिळे ठोकलेल्या बुटांनाही बंदी होती. या तीन जहाजांवर कुणी नियम मोडल्याचे दिसत नव्हते. ठिणगी आली कुठून?

त्याचे उत्तर मिळायच्या आधी जहाजे एवढी मोठी का झाली, ते पाहायला हवे.

तेल जहाजाच्या पोटातच भरून नेण्याची कल्पना १९व्या शतकातली. बाकूच्या तेलधंद्यात उतरलेल्या लुडविग नोबेलने १८७८ मध्ये स्वीडनमध्ये बांधून घेतलेले 'झोरोआस्टर' कॅस्पियन समुद्रात रॉकेल वाहू लागले. १८८६ मध्ये न्यूकॅसलला बांधलेल्या 'ग्लुकआउफ'मध्ये जहाजाचे कवच हीच टाकीची भिंत झाली. तोवर पूर्वेकडे रॉकेल यायचे ते लाकडी खोक्यांतल्या पत्र्याच्या डब्यांतून. ते डबे गळायचे, जागा खायचे आणि चढवायला-उतरवायला माणसांची फौज लागायची. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने हे सगळे एका फटक्यात बाद करायचे ठरवले. सुएझ कालव्याच्या कंपनीला पटेल अशा सुरक्षित रचनेचा टँकर त्याने बांधून घेतला. ऑगस्ट १८९२ मध्ये 'म्युरेक्स' बातुमचे रॉकेल घेऊन कालव्यातून पार झाला. क्षमता होती पाच हजार टनांच्या आसपास. सॅम्युएलच्या या धंद्यातूनच पुढे शेल कंपनी उभी राहिली आणि जहाजांना शंखशिंपल्यांची नावे देण्याची तिची प्रथा म्युरेक्सपासून थेट मार्पेसा आणि मॅक्ट्रापर्यंत चालत आली.

त्यानंतर साठ वर्षे टँकर वाढले ते सावकाश. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाचशेच्या आसपास 'टी-टू' टँकर धडाधड बांधले, तेही साडेसोळा हजार टनांचेच. रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या या जहाजांनी पोलादाचा एक जुना दोष जगासमोर आणला. जानेवारी १९४३ मध्ये 'स्कनेक्टेडी' हा नवा टँकर ओरेगॉनमध्ये गोदीच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभा असताना मोठा आवाज करून मधोमध मोडला. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि वेल्डिंगमधले दोष यांवर त्यानंतर जो अभ्यास झाला, त्यावर पुढची सगळी मोठी जहाजे उभी आहेत.

खरी उडी बसली ती सुएझमुळे. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, युद्ध झाले आणि १९५७ च्या वसंतापर्यंत कालवा बंद राहिला. आखातातून युरोपला जाणारे तेल आफ्रिकेला वळसा घालू लागले. कालव्यातून रॉटरडॅम साधारण साडेसहा हजार सागरी मैल पडे. केप ऑफ गुड होपवरून ते अंतर अकरा हजारांच्या पुढे गेले. कालवा पुन्हा उघडला, पण मालकांना धडा मिळाला होता. कालव्याच्या खोलीत बसेल एवढेच जहाज बांधायचे हा हिशेब डोक्यातून काढला, तर लांबच्या वाटेनेही तेल स्वस्तात नेता येते. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली तर पोटातली जागा आठपट होते, पण बाहेरचा पृष्ठभाग चारपटच वाढतो. पोलाद, इंजिनाची ताकद आणि पगारी माणसे यांपैकी काहीच त्या प्रमाणात वाढत नाही. एवढ्या साध्या गणितावर पुढची वीस वर्षे चालली.

हे गणित प्रत्यक्षात आणले जपानमधल्या कुरे बंदराने. महायुद्धात 'यामातो' ही महाकाय युद्धनौका याच गोदीत बांधली गेली होती. युद्ध हरल्यावर गोदी ओस पडली. १९५१ मध्ये अमेरिकन जहाजमालक डॅनियल लुडविग याने ती भाड्याने घेतली. अमेरिकेत युद्धकाळात शिकलेली पद्धत म्हणजे जहाजाचे मोठमोठे ठोकळे कारखान्यात आधी तयार करायचे आणि मग गोदीत आणून जोडायचे. ती इथे जपानी इंजिनिअरांच्या हाती आली आणि त्यांनी तिला पूर्णत्वाला नेले. त्यांतले हिसाशी शिंतो पुढे इशिकावाजिमा-हरिमा कंपनीचे प्रमुख झाले. १९५९ मध्ये कुरेतून 'युनिव्हर्स अपोलो' बाहेर पडले आणि एक लाख टनांची मर्यादा ओलांडली गेली. १९६६ अखेर जपानच्याच 'इदेमित्सु मारू'ने दोन लाखांची ओलांडली. बारा टी-टू टँकरांचे तेल आता एका जहाजात मावत होते.

जून १९६७ मध्ये सुएझ पुन्हा बंद झाला आणि थेट ५ जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. मालकांनी महाटँकरांच्या मागण्यांचा धडाका लावला. १९६८ मध्ये 'युनिव्हर्स आयर्लंड' तीन लाख टनांच्या पुढे गेले. एवढ्या खोल बुडाचे जहाज युरोपच्या बहुतेक बंदरांत शिरू शकत नव्हते, म्हणून आयर्लंडच्या बँट्री उपसागरात व्हिडी बेटावर खास तेलधक्का उभारला गेला. या शर्यतीत एक भारतीय नावही पुढे आले. भारतीय नौदलातून बाहेर पडून लंडनमध्ये जहाजधंदा करणारे रवी टिक्कू यांनी कुरेमध्ये बांधून घेतलेले 'ग्लोबटिक टोकियो' १९७३ मध्ये पाण्यात आले, तेव्हा ते जगातले सर्वांत मोठे जहाज होते. क्षमता पावणेपाच लाख टनांच्या पुढे! फ्रान्सच्या सें-नाझेरला १९७६ मध्ये तयार झालेला 'बातिलुस' साडेपाच लाख टनांचा होता.

वीस वर्षांत जहाज दहापट मोठे झाले. त्याच्यावरच्या माणसांचे ज्ञान त्या वेगाने वाढले होते का? या लेखाचा रोख तिथेच आहे. कवच किती ताण सोसेल हे गोदीतल्या इंजिनिअरांनी मोजले होते. पण टाकी मोठी झाल्यावर आतली हवा, वाफ आणि पाणी कसे वागतील, हे कुणी मोजले नव्हते. छोट्या टाकीत जे चालले ते मोठ्या टाकीतही चालेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

त्या काळातल्या महाटँकरची इंजिनरूम म्हणजे वाफेचे राज्य. सहसा दोन बॉयलर, एक टर्बाइन, एकच पंखा, तीस हजारांच्या आसपास अश्वशक्ती. जहाज ताशी पंधरा-सोळा सागरी मैल कापायचे आणि दिवसाला दीडशे टनांच्या घरात तेल जाळायचे. चीफ इंजिनिअरच्या हाताखाली सेकंड, थर्ड, फोर्थ अशी उतरंड आणि चार तास काम, आठ तास विश्रांती असा वॉचचा क्रम. पण टँकरवरच्या इंजिनिअरला इंजिनाइतकेच पंपरूमकडे लक्ष द्यावे लागे. दोन लाख टन तेल दीड-दोन दिवसांत किनाऱ्यावर ढकलणारे पंप वाफेच्या टर्बाइनवर चालत आणि बंदरात ते बंद पडले तर जहाजाचा एकेक तास मालकाच्या खिशातून जाई. पंपरूम म्हणजे जहाजाच्या तळाशी उतरणारी खोल विहीरच. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली की ती तिथे साचायची. शिडी उतरताना आपल्या फुप्फुसात काय जाते आहे, हे माहीत असणे हा या नोकरीचा पहिला धडा होता.

रिकाम्या परतीच्या वाटेवर मुख्य काम टाक्या धुण्याचे. जहाज तोलून धरायला काही टाक्यांत समुद्राचे पाणी भरावे लागे. ते पाणी तेलबंदरात सोडायचे असल्याने टाक्या स्वच्छ हव्यात. शिवाय तेलकट गाळ उरला तर पुढच्या फेरीत तेवढा माल कमी. फिरत्या तोंडाच्या यंत्राने टाकीत दाबाने पाणी मारायचे. या यंत्राला खलाशी बटरवर्थ म्हणत. लहान टाकीत डेकच्या भोकातून नळीने सोडलेले छोटे यंत्र पुरे. महाटँकरच्या टाकीत मात्र डेकखाली कायमच्या बसवलेल्या प्रचंड तोफा लागल्या. तीन जहाजांवर हेच चालले होते आणि केप मार्गाने ती परतीची सफर पूर्वीपेक्षा कितीतरी दिवसांनी लांबली होती.

स्फोटांनंतर तेलकंपन्या, जहाजमालक आणि प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन मोठे संशोधन हाती घेतले. खऱ्याखुऱ्या टाक्या धुऊन आत विद्युतभार मोजणारी उपकरणे सोडली गेली. जे सापडले त्याचे मूळ ७७ वर्षे जुने होते. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्येच दाखवून दिले होते की धबधब्याचे पाणी आपटून फुटते तेव्हा बारीक तुषारांवर विजेचा भार चढतो. टाकीच्या पोलादी भिंतीवर आपटणारा पाण्याचा झोत हेच करत होता. टाकीभर धुके पसरे आणि त्या धुक्यात हजारो व्होल्टचा विद्युतदाब तयार होई. छोट्या टाकीत भिंत जवळ असल्याने तो फार वाढत नसे. प्रचंड टाकीच्या मध्यभागी मात्र तो वाढत जाई. त्या ढगातून एखादा पाण्याचा गोळा खाली पडताना भार घेऊन पोलादाच्या जवळ आला की ठिणगी. म्हणजे ठिणगी बाहेरून आणायची गरजच नव्हती. टाकी धुणारे पाणीच ती तयार करत होते. टाकी मोठी झाली, एवढ्यानेच धोक्याची जात बदलली होती.

ठिणगी थांबवता येत नसेल तर जळायला लागणारी हवा काढून घ्यायची, हा उपाय. तो नवा नव्हता! अमेरिकेतल्या सन ऑइल कंपनीने १९३०च्या दशकातच तो आपल्या जहाजांवर वापरला होता. ब्रिटिश पेट्रोलियमनेही १९६०च्या दशकात तो स्वीकारला होता. बॉयलरच्या धुरांड्यातून जो धूर फुकट बाहेर जातो, त्यात ऑक्सिजन जेमतेम तीन-चार टक्के असतो. बाकी सगळा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. हा धूर समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली धुऊन थंड करायचा, त्यातली काजळी आणि गंधक काढायचे आणि पंख्यांनी टाक्यांत भरायचा. तेल जसजसे बाहेर जाईल तसतसा त्याच्या जागी हवेऐवजी हा निष्क्रिय वायू शिरेल. टाकीतला ऑक्सिजन ११ टक्क्यांखाली गेला की तेलाची वाफ कितीही असो, पेटत नाही. सावधगिरी म्हणून मर्यादा ८ टक्क्यांची ठरली.

कागदावर सोपी वाटणारी ही यंत्रणा चालती ठेवणे हे इंजिनिअरचे काम आणि त्यात चूक खपत नाही. टाकीतली पेटती वाफ उलट्या वाटेने बॉयलरपर्यंत आली तर जहाज गेलेच. म्हणून मधे पाण्याचा अडसर ठेवलेला असतो: वायू पाण्यातून बुडबुडत पुढे जाईल, पण मागे येणार नाही. हे पाणी आटता कामा नये, गोठता कामा नये. धुरातले गंधक पाण्याशी मिळून आम्ल बनते आणि नळ खाते. ऑक्सिजन मोजणारे उपकरण चुकीचा आकडा दाखवू लागले तर सगळी सुरक्षितता नावापुरती राहते. १९७०च्या दशकात टँकरवर गेलेल्या इंजिनिअरांच्या पिढीने बॉयलर आणि टर्बाइनबरोबर हे नवे शास्त्र शिकून घेतले. टाक्यांमध्ये हवा नसल्यामुळे पाण्याऐवजी मालाच्याच कच्च्या तेलाने टाक्या धुण्याची पद्धतही वापरता येऊ लागली. गाळ विरघळून मालात परत जाई आणि समुद्रात जाणारे तेलकट पाणी घटे.

उपाय हाती होता, सिद्ध झालेला होता. तरी तो सर्वांवर बंधनकारक व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. १९७४ च्या सागरी सुरक्षा करारात तो एक लाख टनांवरच्या नव्या टँकरांसाठी आला आणि करार प्रत्यक्ष अमलात आला मे १९८० मध्ये. मधल्या वर्षांत खर्च कोण सोसणार, जुन्या जहाजांचे काय, यावर वाद चालला. या दिरंगाईची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापैकी कुणीही त्या चर्चेच्या टेबलावर नव्हते.

१७ डिसेंबर १९७६ रोजी लॉस एंजलिसच्या बंदरात 'सॅनसिनेना' हा टँकर माल उतरवून पाणी भरत होता. वारा पडलेला होता. टाक्यांतून बाहेर ढकलली गेलेली वाफ डेकवरच साचली, पेटली आणि जहाजाचा संपूर्ण मधला डेक उडून किनाऱ्यावर पडला. नऊ माणसे गेली. दोनच दिवस आधी 'आर्गो मर्चंट' हा टँकर नानटकेटजवळच्या वाळूत रुतला होता. अमेरिकी जनमत खवळले आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कडक नियमांची मागणी केली. फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडनला खास परिषद भरली. निष्क्रिय वायूची मर्यादा नव्या टँकरांसाठी एक लाख टनांवरून वीस हजारांवर उतरली आणि जुन्या जहाजांनाही मुदत घालून दिली गेली.

परिषद संपून महिना होतो न होतो तोच फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको कादिझ' फुटला. ही गोष्ट इंजिनिअरांच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे, कारण इथे सगळे एका नळाच्या जोडावर येऊन ठेपले. १६ मार्च १९७८ च्या सकाळी, वादळी समुद्रात, सुकाणू वळवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्राच्या नळाचे बोल्ट तुटले. तेल बाहेर फवारू लागले आणि सव्वादोन लाख टन माल घेऊन चाललेल्या जहाजाचे सुकाणू लाटांबरोबर सैरावैरा आपटू लागले. त्या अरुंद खोलीत इंजिनिअरांनी गळती थांबवण्याचा आणि मोकाट सुकाणू साखळ्यांनी बांधण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. जर्मन टग 'पॅसिफिक' मदतीला आला, पण मदतीच्या अटींवर मालकांशी बोलण्यात वेळ गेला आणि पुढे ओढायचा दोरही तुटला. रात्री जहाज पोर्साल गावासमोरच्या खडकांवर चढले. २,२३,००० टन तेल सांडले. खलाशी हेलिकॉप्टरने वाचवले गेले, किनारा मात्र शेकडो किलोमीटर काळा झाला. वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यात शिकागोच्या न्यायालयाने अमोको कंपनीला जबाबदार धरले. देखभालीतली हयगय आणि खलाशांचे अपुरे प्रशिक्षण निकालात नोंदले गेले. यानंतर मोठ्या टँकरांसाठी नियम झाला: सुकाणूच्या यंत्रणेत एका जागी बिघाड झाला तरी ४५ सेकंदांत सुकाणू पुन्हा हातात आले पाहिजे.

आणि ८ जानेवारी १९७९. बँट्रीच्या त्याच व्हिडी बेटावर 'बेतेल्गूझ' हा फ्रेंच टँकर मध्यरात्रीनंतर धक्क्याला असतानाच मोडला, पेटला आणि स्फोटांत ५० माणसे गेली. जहाजावरचे खलाशी आणि धक्क्यावरचे कामगार, कुणीही सुटले नाही. आयर्लंडच्या चौकशी आयोगाला कारणे सापडली ती अशी: गंजून पातळ झालेले पोलाद, चुकीच्या क्रमाने रिकाम्या केलेल्या टाक्या, ताण मोजणाऱ्या उपकरणाचा अभाव. आणि निष्क्रिय वायूची यंत्रणा नव्हती, कारण त्या जहाजावर ती अजून सक्तीची झालेली नव्हती. मार्पेसाला नऊ वर्षे होऊन गेली होती.

तोवर महाटँकरांचा सुवर्णकाळ उलटला होता. १९७३ च्या तेलसंकटात तीन डॉलरचे पिंप वर्षअखेरीस बाराच्या घरात गेले, मागणी घटली आणि नव्या कोऱ्या जहाजांना माल मिळेना. नॉर्वेच्या फ्योर्डांत टँकर रांगेने नांगरून ठेवले गेले. दिवसाला दीडशे टन तेल पिणारी वाफेची टर्बाइन परवडेनाशी झाली आणि संथ गतीच्या डिझेल इंजिनांनी तिची जागा घेतली. वाफेवर हात बसलेल्या इंजिनिअरांना अर्ध्या वयात नवे इंजिन शिकावे लागले. बातिलुस तर नऊच वर्षांत मोडीत निघाला.

या उलथापालथीत भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने या धंद्यात आले. मुंबईत माझगावसमोर नांगरलेल्या 'डफरिन'ने १९२७ पासून डेक अधिकारी घडवले होते. इंजिनिअरांसाठी स्वतंत्र शिक्षण सुरू झाले ते १९४९ मध्ये, कोलकाता आणि मुंबईत. मुंबईची संस्था शिवडीला हे बंदर रस्त्यावर आहे. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या घरांतून बोटीवर जाणे नवे नव्हते. पण तेव्हा जाणारा माणूस बहुतेक वेळा खलाशी, सारंग किंवा बटलर असे. आता त्याच कोकणातली मुले चीफ इंजिनिअर होऊन तीन लाख टनांच्या जहाजावर जाऊ लागली. किनाऱ्यावरही बदल होत होता. तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी जवाहर द्वीपाचा धक्का १९५०च्या दशकात झाला, पण भरलेला महाटँकर मुंबईच्या उथळ बंदरात शिरू शकत नव्हता. म्हणून १९७८ मध्ये कच्छच्या आखातात वाडीनारला भर पाण्यात बोया बसवून त्याला टँकर बांधण्याची सोय झाली आणि तिथले तेल नळाने मथुरेपर्यंत जाऊ लागले.

१९७८ मध्येच लंडनमध्ये खलाशांच्या प्रशिक्षणाचा जागतिक करार झाला. टँकरवर जाणाऱ्याला धोकादायक मालाचे वेगळे शिक्षण घ्यावेच लागेल, ही अट त्यातून आली. आज सी.डी.सी. हे खलाशाचे नोंदणीपत्र हातात घेऊन टँकरची नोकरी शोधणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलाला जे अभ्यासक्रम करावे लागतात, त्यांची मुळे या दशकात आहेत. पुष्कळांना ते कागद गोळा करण्याचे सोपस्कार वाटतात. पण त्यांतला प्रत्येक धडा कुठल्या तरी जहाजाने शिकवलेला आहे.

एक गोष्ट मात्र या इतिहासाने सोडवली नाही, उलट निर्माण केली. स्फोट टाळण्यासाठी टाकीत भरलेला वायू माणसाला जगू देत नाही. त्यात जगण्यापुरता ऑक्सिजन नसतो, आणि धोक्याची जाणीव होण्याआधीच माणूस कोसळतो. एकजण टाकीत पडला म्हणून त्याला काढायला उतरलेला दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, असे मृत्यू जगभरच्या जहाजांवर आजही होतात. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी ती हवेने धुऊन आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवर आला आहे हे मोजावे लागते. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेतल्या बचावाची कवायत सक्तीची आहे आणि जुलै २०१६ पासून हवा तपासणारे हातातले उपकरण जहाजावर असलेच पाहिजे. निष्क्रिय वायूची अट २०१६ पासून आठ हजार टनांच्या नव्या टँकरांपर्यंत खाली आली आहे.

ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी टँकरवर निघाली आहे, त्यांनी पगार, कराराचे महिने आणि कंपनीचे नाव विचारताना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: टाकीत उतरण्याआधी हवा कोण तपासतो, आणि तपासल्याशिवाय उतरायला सांगितले तर 'नाही' म्हणण्याची मुभा आहे का? ती मुभा नियमांनी दिलेली आहे आणि ती वापरलीच पाहिजे.